न बुजवलेला सांधा

चाळीस वर्षं मी फटी बुजवत आलोय.
केहुई बेटावर, भरतीच्या रेषेपासून वीस पावलांवर,
आलेर्से झाडाच्या सालीचा काथ्या वळून
छिन्नीने ठोकत, फळी आणि फळीच्या मधे.
माझ्या हातची नाव गळत नाही.
हे मी नाही म्हणत, एरास्मो कार्कामोची बायको म्हणते,
आणि तिचा नवरा दुसऱ्याने बांधलेल्या नावेतून बुडाला.

म्हणून नातवाच्या डोक्यावरून बोट फिरवलं
तेव्हा सगळ्यांच्या आधी मला कळलं.
कपाळाच्या वरपासून मागे, मधोमध,
उंचवटा. सरळ. टणक.
उपडी घातलेली नाव अंधारात चाचपावी
आणि हाताला कणा लागावा, तसा.
टाळू शोधली.
तीन महिन्यांच्या पोराची टाळू
इतक्या लवकर भरून आली होती.

बाळंतपणात दबलंय, शेजारीण म्हणाली, होईल गोल.
होईल गोल, सुईणही म्हणाली.
सून काही म्हणाली नाही.
तिने टोपी उसवली आणि लांबट विणायला घेतली.
एका रात्री मात्र चुलीपाशी, लोकर खाली न ठेवता:
पोटुशी असताना मी बटाट्यांची पोती उचलली, म्हणून का?
नाही, म्हणालो.
मला माहीत नव्हतं. तरी म्हणालो.

पुएर्तो मोंतची डॉक्टरीण माझ्या धाकटीहून लहान.
तिने कागदावर कवटी काढली,
तुकडे तुकडे, मधे नागमोडी रेघा.
ह्या उघड्या असतात, म्हणाली, मेंदू वाढेल तशा सरकतात.
ह्याची मधली वेळेआधी मिटली.
रुंदीला वाट नाही, म्हणून डोकं लांबीला पळतंय.
मग माझ्या नखांतलं डांबर पाहून थोडी थांबली:
आमच्या पुस्तकात ह्या आकाराला नावेचंच नाव आहे.

आणि सुनेला, तिने न विचारताच:
तुम्ही काही केलेलं नाही.
उचललेलं नाही, खाल्लेलं नाही, काही नाही.
सून तेव्हा रडली.
पाठीवरचं पोतं धक्क्यावर टाकावं, तशी.

चार तास.
तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून बंदर दिसतं.
मी जहाजं मोजली, चुकलो, पुन्हा मोजली.
कोणाचं तरी रक्त त्याच्यात गेलं,
आमच्या बेटावरचं नसणार.
डॉक्टरीण बाहेर आली, कपाळावर टोपीचा वळ.
मधल्या हाडाची पट्टी काढली, म्हणाली, दोन बोटं रुंद.
मी विचारलं, दुसरं काय विचारणार मी,
त्या फटीत भरलंत काय?
काही नाही.
मोकळी ठेवलीत?
मोकळी. भरेल तिची ती. सावकाश भरली म्हणजे झालं.

परतीच्या फेरीबोटीत मला बाप आठवला.
कोरड्या लाकडात काथ्या ठासू नकोस, म्हणायचा,
आणि ऐकलं नाही की हातोडीची मूठ बोटांवर.
नवी नाव पहिल्या रात्री पाणी पिते.
फळ्या फुगतात. फुगायला जागा ठेव.
विसाव्या वर्षी मी घाईत ठासला होता एकदा.
भरतीला आतली फासळी कडकन गेली,
सगळ्या किनाऱ्याने ऐकलं.
म्हणजे मला हे माहीत होतं.
हातांना माहीत होतं, आणि मी विचारत बसलो.

आता तो झोपलाय, खिडकीकडे तोंड करून.
एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत
करवतीच्या दातांसारखी टाक्यांची रेघ,
केस आले की झाकेल म्हणतात.
लांबट टोपी पुन्हा उसवलीय,
लोकरीला जुन्या टाक्यांचे वेटोळे तसेच.
डोक्याच्या मधोमध, कातडीखाली,
काहीतरी वर येतं, खाली जातं,
नांगरलेल्या नावेसारखं.
माझा हात आपोआप पुढे गेला.
अंगठा, फट दिसली की जातो तसा.

मागे घेतला.
बाहेर ओहोटी लागली होती.
अर्धी नाव ओंडक्यांवर तशीच,
उजव्या बाजूचे सात सांधे उघडे.
उद्या बघू.